मैदानावरचा गुडघा

(सोलापुरातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते दोन-चार ठिकाणी नंतर भरलं आहे.)



मला विषय दिलाय 'खेळाडू आणि त्यांची उघड श्रद्धा'. दिला कशासाठी ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच दोघा-तिघांत चहाच्या टपरीवर भांडण लागलं. एक म्हणाला, मैदानावर येशूचं नाव घेणारी पोरगी प्रचार करते. दुसरा म्हणाला, तिचा तो हक्क आहे. तिसरा म्हणाला, आपल्याला काय त्याचं, आपण बौद्ध, आपला देवाशी संबंध नाही. तिघंही आपलेच. म्हणून मला मुंबईवरून बोलावलं. मी गोदीत माल उचलतो, मॅट्रिकपर्यंत शिकलो, कॉलेजची पायरी चढलो नाही. कविता करतो म्हणून लोकांना वाटतं याला सगळं कळतं. सगळं कळत नाही. पण या बाबतीत तिसऱ्या मित्राशी माझं भांडण आहे, आणि ते मी आज करणार आहे.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. देव बॅट फिरवत नाही. देव गोल अडवत नाही. लोखंडाची गुंडाळी वर लटकलेली असताना साखळीचा आवाज बदलला तर टोळीतला म्हातारा ओरडतो आणि आम्ही बाजूला होतो, तिथंही देव ओरडत नाही, म्हातारा ओरडतो. हे माझं मत. पण त्याच टोळीत मजकूर आहे, फर्नांडिस आहे, उत्तरेकडचा हनुमानवाला आहे. प्रत्येक जण हूक हातात घ्यायच्या आधी ओठात काहीतरी पुटपुटतो. मी कुणाला विचारत नाही काय पुटपुटलास. ओझं चौघं मिळून उचलतो.

आता त्या पोरीची गोष्ट. जेमिमा रॉड्रिग्ज. मुंबईची, भांडुपची. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियानं ३३८ केल्या. बायकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणी केलाच नव्हता. ही पोरगी तिसऱ्या नंबरावर आली, १२७ वर नाबाद राहिली, पाच विकेट राखून सामना काढला. त्याच स्पर्धेत आधी तिला एका सामन्यातून बाहेर बसवलं होतं. सामना संपल्यावर ती रडत बोलली. आधी येशूचे आभार मानले. एकटीनं हे झालं नसतं म्हणाली. शेवटी शेवटी अंगातली ताकद संपली तेव्हा बायबलातला एक वचनाचा आधार मनाशी धरला, असंही सांगितलं. आणि मग सांगितलं की या स्पर्धेत आपण रोज रडत होतो, मनाला घोर लागला होता. कोट्यवधी लोकांसमोर एक पंचवीस वर्षांची पोरगी सांगते की माझं मन आजारलं होतं. मला विचाराल तर धाडस त्या वाक्यात होतं. पण धाडस कुणी बघितलं नाही. लोकांनी येशू तेवढा ऐकला.

शिव्या सुरू झाल्या. धर्मांतराची एजंट वगैरे. या शिव्यांना आधीचं एक कारण होतं. २०२३ मध्ये खार जिमखान्यानं तिला मानद सभासद केलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच जिमखान्याच्या सर्वसाधारण सभेनं ते सभासदत्व काढून घेतलं. आरोप असा की तिच्या वडिलांनी जिमखान्याच्या हॉलमध्ये धार्मिक मेळावे भरवले. वडिलांनी सांगितलं की प्रार्थनासभा होत्या, जिमखान्याच्या रीतीनं हॉल घेतला होता, धर्मांतराचा संबंध नाही. नियमात हॉलमध्ये धार्मिक कार्यक्रम बसत नसेल, तर नसेल. नियम असावेत. मी नियमाविरुद्ध बोलत नाही. मी एवढंच विचारतो की बापाच्या प्रार्थनेचा हिशेब लेकीच्या सभासदत्वातून कसा वळता केला? आणि पुढं वर्षभरानं तिनं शंभर मारल्यावर तो हिशेब लोकांनी परत का काढला?

तुम्ही म्हणाल, मैदान आहे, तिथं धर्म आणूच नये. कुणीच आणू नये. चांगलं आहे. मी सही करतो. मग पहिल्यांदा नारळ उचला.

हसू नका. आपल्या सोलापुरात कुठलीही स्पर्धा काढा. टेनिस बॉलची असो, कबड्डीची असो. खेळपट्टीवर हळद-कुंकू, उदबत्ती, नगरसेवकाच्या हातून नारळ. तो धर्म नाही, ती 'पद्धत' आहे! २०२४ च्या ऑगस्टात टी-ट्वेंटीचा विश्वचषक सिद्धिविनायकाच्या देवळात नेला. कप्तान होता, क्रिकेट मंडळाचा सचिव होता, पूजा झाली, फोटो छापून आले. कप कुणाचा होता? त्या संघात मुसलमान होता, शीख होता. कुणी विचारलं का, की कप चर्चमध्ये कधी, दर्ग्यात कधी, दीक्षाभूमीवर कधी? मी रोहित शर्माला दोष देत नाही. त्याची श्रद्धा, त्यानं जावं. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याचा धर्म बहुसंख्यांचा, त्याचा धर्म दिसतच नाही. तो हवेसारखा असतो. तो 'संस्कार' होतो, 'परंपरा' होते, 'शुभारंभ' होतो. आणि दुसऱ्यानं नुसते ओठ हलवले की तो 'प्रचार' होतो. हे ज्याला कळलं नाही त्याला या देशातली जात कळली नाही, कारण जातीचंही हेच आहे. वरच्याची जात आडनावात मुरून जाते. आपली जात तेवढी 'काढली' जाते.

मोहम्मद शमीचं आठवा. २ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, श्रीलंकेविरुद्ध पाच विकेट. पाचवी मिळाल्यावर तो गुडघ्यावर बसला. दमला होता की काय होता, त्याचं त्याला ठाऊक. पण लगेच चर्चा सुरू, सजदा करणार होता आणि घाबरला. पुढं एका मुलाखतीत त्यानं सांगितलं की मला करायचा असता तर केला असता, कोण अडवणार होतं? बरोबर बोलला. पण बघा, या देशात एक गोलंदाज गुडघ्यावर बसला तर त्याला खुलासा द्यावा लागतो. दोन वर्षं आधी, २०२१ च्या ऑक्टोबरात, पाकिस्तानकडून हरल्यावर त्याच माणसाला गद्दार म्हटलं गेलं होतं. अकरा जण हरले, गद्दार एक.

आणि धर्म बदलला नाही, हिंदूच राहिलं, तरी सुटका आहे का? वंदना कटारिया. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी भारताची पहिली बाई. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत हॉकीचा संघ अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. गाऱ्हाणं असं की संघात दलित फार झाले म्हणून हरलो. तेव्हा मैदानावर कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं मित्रांनो. येशूचं नाही, अल्लाचं नाही, बाबासाहेबांचं नाही. नुसतं असणं पुरलं.

आता फुटबॉलकडे येतो, कारण तुमच्यातले निम्मे तिकडचे. फुटबॉल आणि पाद्री यांचं नातं जुनं आहे. श्रीनगरात टिंडल-बिस्को नावाचा इंग्रज मिशनरी शाळा चालवायचा. १८९१ साली त्यानं कातड्याचा चेंडू आणला. शाळेत बहुतेक पोरं काश्मिरी पंडितांची. त्यांनी विचारलं, हे काय? चेंडू. कशाचा? कातड्याचा. मग लांब न्या, आम्ही शिवणार नाही, विटाळ होतो! बिस्कोनं मास्तरांच्या हातात काठ्या दिल्या, मैदानाभोवती उभं केलं आणि पोरांना खेळायला लावलं. एकाच्या तोंडावर चेंडू बसला. पोरगं बोंबललं, नाकाला विटाळ झाला म्हणून. त्याला कालव्यावर नेऊन धुऊन आणलं आणि खेळ पुढं चालू.

मला ही गोष्ट फार आवडते, पण त्या पाद्रीबाबाच्या काठीला मी हार घालणार नाही. काठीनं शिकवलेला धर्मही वाईट आणि काठीनं शिकवलेला खेळही. आवडते ती यासाठी, की ज्या कातड्याला शिवल्यानं आमची जात ठरली, त्याच कातड्याला लाथ मारायला आज शाळांमध्ये फी भरून प्रवेश घ्यावा लागतो. चेंडू कुणी शिवला, कातडं कुणी कमावलं, याची नोंद कुठल्या क्लबाच्या भिंतीवर नाही.

वस्तीत जो व्हॉलीबॉल तुम्ही संध्याकाळी दिव्याखाली खेळता, तोही तिथलाच. बास्केटबॉल १८९१ चा, व्हॉलीबॉल १८९५ चा, दोन्ही अमेरिकेत वाय. एम. सी. ए.च्या माणसांनी काढले. ख्रिस्ती तरुण अंगानं मजबूत असावा, मैदानावर सभ्य असावा, अशी त्यांची शिकवण. १९२० साली मद्रासला त्यांनी व्यायामशिक्षणाचं कॉलेज काढलं, तिथून शिकलेले मास्तर देशभर गेले. खेळ आला तेव्हा येशू त्याच्या बोटाला धरूनच आला होता. आता येशूला हाकला आणि जाळी ठेवा म्हणता, तर निदान इतिहास तरी वाचा.

अमेरिकेत तर हे प्रकरण फार मोठं आहे. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, अंगावर अंग आदळून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. एकेका कॉलेजच्या मैदानात लाख-लाख माणूस बसतो. तिथं १९५४ पासून ख्रिस्ती खेळाडूंची मोठी संघटना आहे. सामन्याआधी प्रार्थना, सामन्यानंतर दोन्ही संघांनी गोल करून गुडघे टेकणं, हे नेहमीचं. फ्लोरिडाचा टिम टिबो हा त्यातला गाजलेला. गोरा, मिशनरी आईबापांचा पोरगा. २००७ साली कॉलेज खेळाडूंचा सर्वांत मोठा मान त्याला मिळाला. उन्हाची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून हे लोक डोळ्यांखाली काळं लावतात. जानेवारी २००९ च्या अंतिम सामन्यात टिबोनं त्या काळ्यावर पांढऱ्यानं बायबलातल्या एका वचनाचा आकडा लिहिला. नुसता आकडा. देशभर लोक तो शोधत बसले. २०१० पासून कॉलेजच्या खेळात डोळ्यांखाली काही लिहायला बंदी झाली. पुढं तो व्यावसायिक संघात गेला, २०११ मध्ये मैदानावर एक गुडघा टेकून डोकं हातावर ठेवायचा. ती पोझ एवढी चालली की पोरं रस्त्यात, बाजारात तसा गुडघा टेकून फोटो काढायला लागली. काहींनी टिंगल केली, काहींनी पूजा केली. पण त्या गुडघ्यानं त्याची भाकरी गेली नाही.

पाच वर्षांनी दुसरा गुडघा टेकला. कॉलिन कॅपरनिक. बाप काळा, आई गोरी, दत्तक घेतलेला, नेवाडाच्या कॉलेजातून वर आलेला. हाही ख्रिस्तीच. दंडावर बायबलची वचनं गोंदवलेली. २०१६ साली पोलीस काळ्या माणसांना गोळ्या घालत होते, म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी हा आधी बसून राहिला. मग सैन्यातून आलेल्या एका खेळाडूशी बोलला. तो म्हणाला, बसण्यापेक्षा गुडघा टेक, मेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढं शिपाई टेकतो तसा. यानं टेकला. तो मोसम संपला आणि पुढं एकाही संघानं त्याला घेतलं नाही. तीसही वर्षं पुरी नव्हती तेव्हा.

माझ्या लेखी आजचं सगळं भाषण या दोन गुडघ्यांत आहे. दोघंही ख्रिस्ती. दोघंही मैदानात. दोघंही उघड. एकाचा गुडघा देवापुढं होता म्हणून व्यवस्थेला तो गोड लागला. दुसऱ्याचा गुडघा मेलेल्या माणसांसाठी होता म्हणून व्यवस्थेनं त्याला घरी बसवलं. टिबो खोटा होता असं मी म्हणत नाही, त्याची श्रद्धा त्याच्यापाशी खरीच असेल. पण मला विचाराल की या दोघांत येशूच्या जवळ कोण होता, तर मी नास्तिक माणूसही सांगू शकतो. तो सुतार रोमन सरकारनं टांगला होता. आरती ओवाळून घेताना मेला नव्हता.

जाता जाता एक कामगाराची गोष्ट. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये घाम गाळणाऱ्यांत काळ्या पोरांचा भरणा. तिकिटाचे, टीव्हीचे पैसे कॉलेज घेणार, आणि पोरांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीवर चार पैसे कमवायचे नाहीत, असा नियम थेट २०२१ पर्यंत होता. का? तर स्कॉलरशिप देतो ना! गोदीत आमच्या आज्यांना मुकादम असंच म्हणायचा, काम देतो ना! प्रार्थना करणारे कोच, पाद्री, सगळे होते तिथं. एवढी वर्षं किती जणांनी मजुरीचं नाव काढलं?

मोहम्मद अलीचं तुम्हाला सांगायला नको, आपल्या लोकांच्या भिंतीवर तो होता. १९६४ मध्ये धर्म बदलला, नाव बदललं. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला, किताब काढून घेतला, ऐन उमेदीची तीनहून जास्त वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा उडवली. उघड श्रद्धा म्हणजे काय, तर ती. किंमत मोजलेली.

आता घरी या. आपल्याकडं तर संघच धर्मावर होते. मुंबईत १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, मग हिंदू आले, १९१२ पासून मुसलमान आले, १९३७ पासून पाचवा संघ. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू. चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर मैदान राखायचा, जाळीत गोऱ्यांना चेंडू टाकायचा. पुढं हिंदूंकडून खेळू लागला तेव्हा पॅव्हेलियनमध्ये कपबशी, आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा. चेंडू हातातून घ्यायचा, तेव्हा विटाळ नाही! चेंडू कातड्याचा, हात चांभाराचा, विकेट हिंदूंची. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, शंभराच्या वर बळी घेतले. छातीवर 'हिंदू' लिहून हा माणूस आयुष्यभर खेळला, पण त्या हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते भाऊ विठ्ठलला मिळालं, १९२३ मध्ये, तेही भांडण-तंटा होऊन. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसकडून उभा राहिला आणि पडला. त्याबद्दल त्याला आपण ओवाळणार नाही. पण त्याच्या मातीच्या भांड्याबद्दल बोलायचंच नाही, असंही करणार नाही.

आणि तो पाचवा संघ. नाव काय, तर 'दि रेस्ट'. म्हणजे बाकीचे. उरलेले! हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, गोरा नाही, असे जे उरले ते: ख्रिस्ती, यहुदी, आणि हो, बौद्धही. गावकुसाबाहेरचा संघ म्हणा. त्यात सांगलीचा एक मराठी ख्रिस्ती पोरगा होता, विजय हजारे. १९४३-४४ ची अंतिम लढत. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, विजय मर्चंट २५० नाबाद. उरलेले १३३ मध्ये गारद. पुन्हा खेळायला आले. भाऊ विवेक एका बाजूला उभा राहिला. दोघांनी ३०० धावा जोडल्या, त्यात विवेकच्या २१. एवढा वेळ नुसता उभा! संघाच्या ३८७, त्यात विजयच्या ३०९. तरी हरले, एक डाव ६१ धावांनी. हरले, पण आज त्या सामन्याचं नाव काढलं की लोकांना तो हरलेला आठवतो. हाच हजारे पुढं भारताचा कप्तान झाला आणि १९५२ साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिली कसोटी जिंकली ती त्याच्या हाताखाली. बोलायला अबोल माणूस. त्यानं मैदानावर देवाचं नाव घेतल्याचं कुणी सांगत नाही, आणि त्याला गरजही नव्हती, धर्म संघाच्या नावातच लटकवला होता. पुण्याचा चंदू बोर्डेही मराठी ख्रिस्तीच. आज हजारेच्या नावानं देशाची स्पर्धा चालते. ती बघणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तो 'उरलेल्यां'चा होता?

धर्मावरचे संघ १९४६ मध्ये बंद झाले. बरं झालं. पण संघ बंद झाले, वाटणी बंद झाली नाही.

आता या गावाचं. १ जानेवारी १९३८ ला बाबासाहेब याच सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले होते. येवल्याची घोषणा होऊन दोन वर्षं झाली होती, सगळे धर्म त्यांच्याकडं डोळे लावून बसले होते. इथं अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं, शाळा होत्या, महार-मांगांतून गेलेली घरं होती. त्यांच्यासमोर उभं राहून बाबासाहेबांनी सांगितलं की जगातल्या धर्मपुरुषांत आपल्याला दोघांचीच ओढ वाटते, बुद्ध आणि ख्रिस्त. ऐकणाऱ्यांना किती आनंद झाला असेल! आणि लगेच पुढं सुनावलं. दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जाती पाळतात. राजकारणात तुम्ही मागं आहात. महाराचा पोरगा ख्रिस्ती झाला की त्याची स्कॉलरशिप जाते. आणि समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत.

'जनता'त त्याचा वृत्तांत आला होता. तो काढून वाचा. मिठी मारून थोबाडीत देणं म्हणजे काय ते कळेल. म्हणून मी म्हणतो, ख्रिस्ती खेळाडूच्या हक्कासाठी उभं राहायचं, आणि त्याच तोंडानं त्याला विचारायचं: गुडघा टेकलास, छान. तुझ्या चर्चमध्ये मांगाचा पोरगा पाद्री होतो का? लग्न कुठल्या घरात जुळवता? स्मशानाची भिंत कुणासाठी आहे? हक्क द्यायचा म्हणजे प्रश्न गिळायचा, असं नाही.

आता तिसऱ्या मित्राला उत्तर. 'आपल्याला काय त्याचं' म्हणणाऱ्याला.

१९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे. ख्रिस्ती झाला, मुसलमान झाला, बौद्ध झाला की सवलत संपली. १९५६ मध्ये शिखांना आत घेतलं. बौद्धांना कधी? १९९०! दीक्षाभूमीनंतर चौतीस वर्षांनी. त्या चौतीस वर्षांत केंद्राच्या नोकरीसाठी, सवलतीसाठी आपल्याच घरांत काय चाललं होतं, विचारा म्हाताऱ्यांना. घरात बुद्धाची तसबीर आणि कागदावर 'हिंदू महार'. जीभ एक, शाई दुसरी. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना तो दरवाजा तेव्हा उघडला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग बसवला. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईला जातीचा दाखला नाकारला. ती चर्चमध्ये जाते, बाप्तिस्मा झालेला आहे, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणवते, ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं म्हटलं. कायद्याचं असेल तसं असेल. पण मला सांगा, चर्चमध्ये गेल्यावर गावानं तिची जात काढायचं थांबवलं का? पाण्यानं बाप्तिस्मा होतो. जात पाण्यानं जाते का?

आता एक पोरगा. नाव सांगणार नाही, पेठ सांगणार नाही, कॉलेज सांगणार नाही. फुटबॉल खेळतो, उजव्या बाजूनं पळतो, पायात वारं आहे. आजा मांग, मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती झाला. घरात रविवारी प्रार्थना. कागदावर 'हिंदू मांग'. फी त्या कागदावर माफ आहे. पोरानं गोल केला की तो गुडघ्यावर बसतो आणि बुटाची नाडी बांधतो. दर गोलला. मी तीन सामने बघितले. नाडी सुटलेली नसते.

दोन सेकंद. मान खाली, बोटं नाडीवर, ओठ हलतात. मग उठतो आणि पळतो. का, तर कुणीतरी मोबाईलवर टिपलं, कुणीतरी खुन्नसनं फोटो समाजकल्याणच्या टेबलावर नेऊन टाकला, तर आजाच्या प्रार्थनेची किंमत नातवाच्या फीतून वसूल होईल. टिबोच्या गुडघ्याला कॅमेरे शोधत यायचे. आमचा पोरगा कॅमेऱ्यापासून गुडघा लपवतो. आणि दुसऱ्या बाजूला त्याच मैदानावर सामन्याआधी नारळ फुटतो. त्याचा तुकडा याच्याही हातावर ठेवतात, आणि हा खातो, कारण नाही खाल्ला तर कुणीतरी विचारील, का बे, का नाही खात?

म्हणून म्हणतो, हे आपलं आहे. आपल्या बापांनी तसबीर आणि कागद यांच्यामध्ये जी चौतीस वर्षं काढली, ती हा अजून काढतोय. त्यानं येशूला मानावं असं मी म्हणत नाही. उद्या तो माझ्याशी वाद घालायला आला तर मी त्याला बुद्ध सांगीन, फुले सांगीन, रात्रभर बसवीन. पण तो वाद त्याच्या दाखल्यावर सुरी ठेवून व्हायचा नाही.

आता कामाचं. तुमची १४ एप्रिलची स्पर्धा आहे. गेल्या खेपेला तिथंही नारळ फुटला, निळ्या मंडपात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर! ठरवायचं काय ते आज ठरवा. नारळ काढायचा की ठेवायचा. आणि गोल केल्यावर कुणी आकाशाकडं हात केला, कुणी सजदा केला, कुणी 'जय भीम' म्हणून मूठ उगारली, तर पंचानं कार्ड काढायचं की नाही. टपरीवर भांडलेले तिघंही समोरच बसलेत. पहिलं त्यांनी बोलावं. मी रात्रीच्या गाडीनं निघणार, सकाळी पाळी आहे.